दोन रेघा कमी

दारात आलेल्या माणसाने छत्री मिटली, दोनदा झटकली आणि टोक वर, दांडा खाली अशी भिंतीला टेकवली.

“छत्र्या करता ना तुम्ही?” ताकीबाईंनी आतूनच विचारलं.

माणूस दचकला. “कुणी सांगितलं?”

“तेलकागदाची छत्री अशी उभी करायची असते, हे विकत घेणाऱ्याला कधी ठाऊक नसतं. आमच्या हवालदारांना आठ वर्षं सांगतेय.”

हवालदार कुसाका हेइहाची यांनी आपल्या उलट्या टेकवलेल्या छत्रीकडे आणि तिच्याखाली साचलेल्या डबक्याकडे पाहिलं आणि तोंडातला गोड पुरणाचा गोळा घाईने गिळला. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढून ते निवृत्त झाले होते. तेव्हापासून मिझुकोशी ताकी यांच्या चौकशी कचेरीत ते निरोप पोचवत, दारं ठोठावत आणि पाहुण्यांसाठी आणलेला खाऊ संपवत.

लग्न ठरण्याआधी समोरच्या घराची माहिती काढून देणं, हा ताकीबाईंचा धंदा. कानाझावा शहरातल्या निम्म्या सोयरिकी त्यांच्या नजरेखालून गेलेल्या. त्यांचे यजमान सरकारी कागद लिहून द्यायचे. ते गेले तेव्हा बाईंसाठी एक मेज, एक कुंचला आणि घराण्यांच्या नोंदी वाचण्याची सवय एवढंच ठेवून गेले. बाईंनी त्यावर संसार उभा केला.

“नाव?”

माणसाने नाव उच्चारलं नाही. मेजावरचा कुंचला उचलून कागदावर लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

“कुराता सुतेजिरो,” ताकीबाईंनी वाचलं.

“सुतेजिरोतलं पहिलं अक्षर तुम्हाला वाचता आलंच,” तो म्हणाला. “सुते म्हणजे टाकून दिलेला. जिरो म्हणजे दुसरा मुलगा. बेचाळीस वर्षं हे नाव घेऊन फिरतोय. शाळेत पोरं मला उकिरड्यावर बसवायची.”

कुसाकांना अशा वेळी काहीतरी हलकंफुलकं बोलायची खोड होती. “माझ्या नावात आठ आहे बघा. आठवा मुलगा. बापाला नाव सुचेना, आकडा ठोकून दिला. आणि गंमत म्हणजे घरात भाऊ आम्ही चौघेच. मास्तर विचारायचे, अरे तुझ्या बापाचं गणित कुठं चुकलं?”

कुणी हसलं नाही. ताकीबाईंनी मात्र त्यांच्याकडे क्षणभर वळून पाहिलं.

“माझी आई म्हणवणारी बाई दहा दिवसांपूर्वी वारली,” सुतेजिरो म्हणाला. “तिने माझ्या नावाने एक पेटी ठेवली होती. सातव्या दिवशी मी ती उघडली. रिकामी निघाली. आतलं कुणी नेलं ते शोधा.”

“आत काय होतं?”

“माझे खरे आईबाप कोण, ते. दुसरं काय असणार?” त्याने कमरेच्या पट्ट्यातून दुमडून दुमडून मऊ झालेला कागद काढला. “बारा वर्षांचा असताना हे मला तिच्या कपाटात सापडलं. वाचा.”

ताकीबाईंनी मोठ्याने वाचलं. “तिसऱ्या महिन्याच्या तीन तारखेला पहाटे वाघाच्या प्रहरी जन्मलेला हा मुलगा नऊ तारखेच्या सकाळी जिझोदेवाच्या चौरस्त्यावर सुपात टाकलेला सापडला. मी उचलला आणि कुराता याहेई यांच्या घरी नेऊन दिला. इसोझाकी गाव, नावाडी गेम्बेई.”

“म्हणजे मी सापडलेलं पोर. त्या दिवसापासून मी तिला आई म्हणणं सोडलं. कारागीर म्हणायचे तसं मालकीणबाई म्हणायला लागलो. ज्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, त्या संध्याकाळी तिने काय केलं सांगू? लाल चवळीचा भात रांधला. सणाला करतात तो. घरात सगळ्यांना वाढला.” त्याचा आवाज चिरकला. “एवढा आनंद झाला तिला.”



“घराण्याच्या नोंदीची नक्कल आणलीत?”

त्याने तीही आणली होती. इसोझाकी गावची नोंद. याहेई आणि तोयो यांची मुलं ओळीने लिहिलेली. पहिली मुलगी, तिच्यावर काट. दुसरी मुलगी, काट. थोरला मुलगा याइची, काट. मग सुतेजिरो. शेवटी एइझो, ज्याच्या नावात तीन आहे.

“पोटची तीन गेली, म्हणून वंशाला एक उचलून आणला,” सुतेजिरो म्हणाला. “नोंदीत आपला म्हणून घातला. लोक करायचे तसं. मग एइझो झाला आणि माझी गरज संपली.”

ताकीबाई त्या तीन काट मारलेल्या ओळींवर बोट ठेवून बसल्या. इतका वेळ की कुसाकांना वाटलं, डोळा लागला.

“पेटीतलं सापडलं तर काय कराल?”

“पाच जानेवारीला एकोणपन्नासावा दिवस. तिचा अस्थिकलश थोरल्या मुलाने उचलून थडग्यात ठेवायचा. मी तिचा नसेन तर मी कशाला उचलू? एइझो उचलेल, मी वर्ष संपायच्या आत शहर सोडून जाईन.” मग खाली बघत तो म्हणाला, “शेवटचं पाणीही मी घातलं नाही तिला. ओठांवरून फिरवायचा ओला कुंचला माझ्या हातात दिला होता. तो खाली ठेवला आणि बाहेर निघून गेलो.”

हे बोलताना तो रागात नव्हता. कुसाकांनी पुढे केलेला चहा त्याने दोन्ही हातांनी धरला, पण प्याला नाही.

*

कुरातांचं दुकान आसानो नदीच्या पलीकडे होतं. ओसरीवर अर्धवट छत्र्यांचे सांगाडे टांगलेले, आत तेलाचा आणि खळीचा वास. धाकटा भाऊ एइझो बांबूच्या काड्या तासत होता. चौकशीवाले आलेत म्हटल्यावर त्याने कोयती बाजूला ठेवली.

“पेटीतलं मी चोरलं असं दादाला वाटत असेल, तर माझी काही हरकत नाही,” तो म्हणाला. “पण दुकान मला नको हे त्याला तीनदा सांगून झालंय. माझ्याच्याने अक्षर काढवत नाही. छत्रीवर नाव कोण घालणार? इतकी वर्षं आईच घालायची. ही बघा, गेल्या महिन्यातली.”

त्याने एक छत्री उघडली. कागदावर गिऱ्हाइकाचं भलंमोठं, चोवीस रेघांचं नाव होतं. एकही रेघ थरथरलेली नव्हती.

“सत्तरीत असा हात?” कुसाका म्हणाले.

“कारागिराने रेघ चुकवली तर त्याला उपाशी ठेवायची ती. नाव चुकलं तर माणूस भिजतो म्हणायची.”

“तुमच्याशी कशी वागायची?” ताकीबाईंनी विचारलं.

“मारायची, कवटाळायची, माझा एइझो म्हणून गल्लीभर मिरवायची. दादाला मात्र कधी हातसुद्धा लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ते कुणाचं तरी पोर आहे, आमच्याकडे असतं. मलाच लाज वाटायची.” त्याने काडीवरचं कुसळ नखाने काढला. “एक मात्र विचित्र. दादाला एकदा गोवर आला. ती त्याच्या खोलीत पाऊल टाकेना. पण भर हिवाळ्यात रोज पहाटे विहिरीवर बसून अंगावर गार पाणी ओतून घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, उकडतंय.”

“आणि वर्षअखेरीला काही भेट यायची का? गावाकडून?”

एइझोने चमकून पाहिलं. “मोठा मासा यायचा. दरवर्षी. इसोझाकीच्या गेम्बेईकडून. अंत्यविधीलाही आला, सख्ख्यांपेक्षा जास्त रडला, अजून इथेच देवळात उतरलाय. त्याचा पहिला तुकडा दादालाच. तो खात नसे. म्हणायचा, हा माझ्या पोटगीचा मासा.”

पेटी देवघराच्या खोलीत होती. हलक्या लाकडाची, दीड हात रुंद, वीतभर खोल. वर दोरीत खोवलेली चिठ्ठी सुतेजिरोने दाखवली. ‘हिरोजिरोस. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उघडणे.’

“हिरोजिरो कोण?” कुसाकांनी विचारलं.

“मीच. टाकणे आणि उचलणे, दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात. डावीकडे दोन्हींना हात. उजवीकडे मधल्या दोन रेघा गाळल्या की सुतेचं हिरो होतं, टाकलेल्याचं उचललेला.” तो कडवट हसला. “शेवटी शेवटी माझं नावसुद्धा तिला धड लिहिता आलं नाही.”

“दोरी कशी बांधली होती?”

“तेच सांगायचं राहिलं. आमच्या घरात सगळ्या गाठी छत्रीच्या. एका ओढीत सुटतात. ही सोडायला मला दात लावावे लागले.”

कुसाका पेटीत डोकावले. कोपऱ्यात भाताची दोन-तीन फोलपटं आणि झाडूचा एक कडक हीर पडला होता. “स्वच्छता नाही ठेवलेली,” म्हणत ते फुंकर घालणार, तोच ताकीबाईंनी त्यांचं तोंड हाताने बाजूला केलं.

*

स्वयंपाकघरात म्हातारी काने कोळशाचं गाठोडं ओढत होती. मालकिणीबरोबर इसोझाकीहून आलेली ही बाई. सुतेजिरो जन्मला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि तो पाच वर्षांचा असताना आता हयात नसलेल्या याहेईने सगळं बिऱ्हाड शहरात आणलं, तेव्हा तीही आली.

“द्या इकडे,” म्हणत कुसाकांनी गाठ सोडायला घेतली. नखं लावली, ओढली, घामाघूम झाले.

“ऱ्हाऊ द्या हवालदारसाहेब. आमच्या किनाऱ्याची गाठ हाय. वली झाली की आनखी आवळती.” म्हातारीने अंगठ्याने कुठंतरी दाबलं आणि गाठ उकलली.

चुलीमागच्या भिंतीवर एक जुनं सूप टांगलं होतं. शेजारी हातभर लांबीचा, मूठ झिजलेला झाडू.

“सूप झकास आहे,” कुसाका म्हणाले. “आमची आई पाखडायची तसलं.”

“तांदूळ कुठून आणता तुम्ही?” ताकीबाईंनी सहज विचारलं.

“कोपऱ्यावरच्या दुकानातून. सडीक.” काने सुपाच्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली. “आजून काय इचारायचंय?”

“पेटीत काय होतं काने?”

“म्या अडाणी. मला काय ठावं.”

“थोरल्या मालकांवर माया आहे तुमची?”

म्हातारीचे डोळे एकदम भरून आले. तिने पदराला हात पुसले. “नव्या वर्साला या बाई. मंग सांगन. त्याच्या आदी माझी मान कापलीत तरी न्हाई.”

*

“प्रकरण सुटलं,” रस्त्यावर आल्यावर कुसाका म्हणाले. “किनाऱ्याची गाठ. म्हणजे तो नावाडी, गेम्बेई. अंत्यविधीला आला होता, एइझोच म्हणाला ना, आणि सख्ख्यांपेक्षा जास्त रडला. तोच सुतेजिरोचा खरा बाप. पोर टाकलं, स्वतःच उचलल्याचं सोंग केलं, दरवर्षी मासा पाठवून मनाची टोचणी शांत केली. आणि बाई गेल्यावर पुरावा पळवला.”

“छान आहे,” ताकीबाई म्हणाल्या. “भेटू या त्याला.”

गेम्बेई देवळाच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वाळका म्हातारा पायरीवर बसला होता, आणि देवळातला एक भिक्षू त्याच्या गवती चपलांचे बंद बांधून देत होता. म्हाताऱ्याची दहाही बोटं मुळासारखी वाकडी झाली होती.

“जाळी ओढून ओढून,” तो म्हणाला. “पाच वर्षं झाली, घास बी दुसऱ्यानं भरवावा लागतो.”

“सुतेजिरो तुमचा कोण?” कुसाकांनी दरडावून विचारलं. जुनी सवय.

म्हाताऱ्याने वाकडी बोटं पुढे धरली. “परवा त्याच्या गालाला हात लावला. लई गार हुता. आईगत गोरा निघाला पोरगा.” मग जीभ चावल्यासारखं त्याने तोंड मिटलं. “नव्या वर्साला या. तवर माझं त्वांड शिवलंय.”

परतताना ताकीबाईंनी एकच विचारलं. “हवालदार, तुमचं वय किती?”

“त्रेसष्ट. का?”

“बेचाळिसावं वर्ष आठवतं?”

“न आठवून काय करतो? पुरुषाचं सगळ्यात वाईट वर्ष. चार आणि दोन, शि आणि नि. उच्चारायचं तरी कसं, शिनि म्हणजे सरळ मरणच. बायकोने वर्षभर ताईत बांधून फिरवलं. नव्या वर्षाची सकाळ झाली आणि...”

ते मधेच थांबले. पण का थांबले, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

*

दुपारी सगळे देवघराच्या खोलीत बसले. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश समोर होता, उदबत्ती जळत होती. सुतेजिरो सगळ्यात लांब, दाराशी बसला. काने चहा ठेवून निघाली, तर ताकीबाईंनी तिला थांबवलं.

“पेटीतलं कुणी नेलं ते आधी सांगते, कारण ते सोपं आहे. नंतरचं सोपं नाही.”

सुतेजिरोने मान वर केली.

“पेटीची गाठ किनाऱ्याची होती. तुमची आई छत्रीची गाठ मारायची; किनाऱ्याची गाठ येणारी माणसं इथे आता दोन. गेम्बेईला स्वतःच्या चपला बांधता येत नाहीत. राहिली काने. पेटीत फोलपटं आणि झाडूचा हीर होता. सडीक तांदूळ विकत घेणाऱ्या या शहरातल्या घरात, चुलीमागे एक सूप टांगलेलं आहे. पाखडायला त्या घरात काही नाही. पेटीतलं कुठे गेलं नाही. भिंतीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.”

काने भिंतीला टेकून खाली बसली.

“सूप?” सुतेजिरो म्हणाला. “एक सूप आणि झाडू चोरून काय मिळालं तिला?”

“नव्या वर्षापर्यंतचे दिवस, अजून चौतीस राहिलेत. ते मिळवायचे होते तिला. त्याकडे येते.” ताकीबाईंनी तो मऊ झालेला कागद उघडला. “हा तुम्ही तीस वर्षं वाचताय. बारा वर्षांच्या पोराने एकदा जो अर्थ लावला, तोच पुन्हा पुन्हा वाचलात. आज मोठ्या माणसासारखा वाचा. चौरस्त्यावर सापडलेल्या अनोळखी पोराचा जन्म तीन तारखेला झाला, तोही वाघाच्या प्रहरी, हे नावाड्याला कुणी सांगितलं?”

एइझोने हळूच भावाकडे पाहिलं.

“जन्म कुठे झाला हे त्याला माहीत होतं. तुमच्याच घरात. नऊ तारीख हा सातवा दिवस, नाव ठेवायचा. त्या सकाळी आईबापांनी तुम्हाला सुपात घातलं, चौरस्त्यावर नेऊन ठेवलं आणि मागे वळून न बघता गेले. ठरल्याप्रमाणे गेम्बेई आला, झाडूने कचरा लोटावा तसं तुम्हाला लोटलं, उचललं, आणि दुपारच्या आत परत तुमच्याच दारात आणून दिलं. सापडलेलं पोर म्हणून. दरवर्षीचा मासा त्या उचलण्याच्या नात्याचा.”

“का?”

“तुमच्या आधीच्या तीन ओळींवर काट आहे म्हणून. तिसऱ्या वर्षापलीकडे एकही जगलं नाही. ज्या कुणाची या घरातल्या पोरांवर नजर होती, त्याला सांगायचं होतं की हे या घरचं नाही, कुणीतरी टाकलेलं आहे, याला नेऊन तुला काय मिळणार? माझे यजमान त्या किनाऱ्याच्या नोंदी उतरवायचे. मी शेजारी बसून शाई उगाळायचे. सुते हे अक्षर आलं की वर नेहमी दोन-तीन काट मारलेल्या ओळी असायच्या. नेहमी. खरोखर टाकलेल्या पोराला कुणी टाकलेला म्हणून हाक मारत नाही, सुतेजिरो. त्याची जखम झाकायला चांगलं, भाग्याचं नाव ठेवतात. टाकलेला हे नाव त्यालाच ठेवतात, ज्याला टाकायची कल्पनाही सोसत नाही.”

सुतेजिरोने मान हलवली. “हे गावच्या भोळ्या बायकांचं... ”

“आणि जिरो? उचलून आणलेल्याला दुसरा का म्हणतील? तो आला तेव्हा घरात एकही मूल नव्हतं. पाहुण्याला आपल्या लेकरांच्या रांगेत कुणी उभं करत नाही. याइची पहिला, तुम्ही दुसरे, एइझो तिसरा. ती तिच्या कुशीची मोजदाद आहे.” त्या कुसाकांकडे वळल्या. “तुमच्या बापाचं गणित चुकलं नव्हतं हवालदार. बापाने गेलेलेही धरले होते.”

कुसाका हेइहाची यांनी मान खाली घातली. त्रेसष्ट वर्षं हा विनोद त्यांनी किती घरांत सांगितला होता, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. कधी न पाहिलेले चार भाऊ त्यांच्या नावात येऊन बसले होते. आईने त्यांना हाक मारताना दरवेळी त्या चौघांवरून जावं लागलं असेल.

“गावाकडे हे दोन-तीन वर्षं पाळतात,” ताकीबाई पुढे म्हणाल्या. “मूल धडधाकट झालं की सोडून देतात. तुमच्या आईने सोडलं नाही. तिने ते बेचाळीस वर्षं ओढलं. तुम्हाला हात लावला नाही. माझा म्हणाली नाही. गोवर आला तेव्हा खोलीत आली नाही, आणि विहिरीवर अंगावर बर्फासारखं पाणी ओतत राहिली. आणि ज्या दिवशी तुम्ही स्वतःहून मालकीणबाई म्हणालात...”

“चवळीचा भात,” सुतेजिरो कुजबुजला.

“तिचं सोंग खरं वाटायला लागलं होतं. आता खुद्द पोरगाच म्हणतोय की ही माझी आई नाही. आता कुणाचीच नजर वळणार नाही. त्याचा भात होता तो.”

“त्याच राती माझ्याकडं आली हुती,” काने एकदम बोलली. एवढा वेळ दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून फुटलं. “पदर तोंडात कोंबून रडली. म्हनली, काने, आज पोर वाचलं माझं. आन आज पोर गेलं माझं.”

एइझोने तोंड फिरवलं.

“राहिली चिठ्ठी,” ताकीबाई म्हणाल्या. “चोवीस रेघांचं नाव न चुकता काढणारा हात दोन रेघा विसरत नाही. ती चूक नव्हती. ते तुमचं अर्धं राहिलेलं नाव होतं. टाकल्याशिवाय उचलता येत नव्हतं, म्हणून आधी सुते. या वर्षी तुम्ही बेचाळिसाव्यात आहात. पुरुषाचं सगळ्यात वाईट वर्ष. नव्या वर्षाच्या सकाळी सगळ्यांचं वय एकाने वाढतं आणि ते संपतं. त्या सकाळी तुमच्या हातात ते सूप द्यायचं, सगळं सांगायचं आणि तुम्हाला हिरो म्हणायचं, उचलून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. चव्वेचाळीस दिवस कमी पडले. तुमचा उतावळा स्वभाव कानेला माहीत होता. तुम्ही आधीच उघडणार, आणि एकदा कळलं की आई म्हणून हंबरडा फोडणार. म्हणून तिने सूप काढून भिंतीवर टांगलं. मालकिणीने सोपवलेलं काम पुरं करायला.”

“मग तुम्ही आज का सांगितलंत?” कानेने विचारलं. त्यात राग होता.

ताकीबाईंनी तो मऊ कागद पुन्हा दुमडला. “तो शहर सोडून निघाला होता काने. नव्या वर्षापर्यंत थांबला नसता. दोन्हींतलं एक निवडावं लागलं. मी चुकलेही असेन.”

सुतेजिरो उठला. कलशासमोर आला आणि गुडघे टेकून बसला. “मी पाणी नाही घातलं,” तो म्हणाला. “ती बघत होती माझ्याकडे. मी कुंचला खाली ठेवला.”

“बघत व्हती,” काने सरकत त्याच्याजवळ आली. “तुमी पाठ फिरवून गेलात, आन ती हसली धनी. धाकल्या मालकांना वाटलं, कळ आली. म्या कान लावला तोंडाला. म्हनली, बरं झालं. बघ कसा गेला, परक्यावानी. आता माझ्यामागनं कुनी त्याला न्याया याचं न्हाई.”

सुतेजिरोचे दोन्ही हात कलशाकडे गेले, ओठ उघडले, एका शब्दासाठी.

कानेने आपला सुरकुतलेला पंजा त्याच्या तोंडावर दाबला. “नगं. चौतीस दिस. तिनं बेचाळीस वर्सं काढली. तुमी चौतीस दिस काढा.”

उदबत्तीची राख पडली. सुतेजिरोचे डोळे कानेच्या हातावरून वाहत होते.

मग त्याने हळूच तिचा हात बाजूला केला, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि उभा राहिला. कलशाकडे पाठ केली. आवाज होता नव्हता तेवढा गोळा करून, गल्लीतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “मालकीणबाई, येतो मी. माझं इथे कुणी नाही.”

आणि जाऊन कामाच्या खोलीत बसला. एइझोने न सांगता त्याच्यासमोर काड्या ठेवल्या.

बाहेर पडताना कुसाकांनी दारातली आपली छत्री पाहिली. ती उचलून, टोक वर करून त्यांनी नीट झटकली.

*

पाच जानेवारीला बर्फ पडत होता. थडग्यापाशी मोजकीच माणसं होती. गेम्बेईला पाठीवर बसवून आणलं होतं. त्रेचाळिसाव्यात पाऊल टाकलेला माणूस पांढऱ्या कापडातला कलश छातीशी धरून चढण चढला, कुणाला हात लावू दिला नाही. कानेने मागून सूप आणि झाडू आणले होते.

अस्थी आत ठेवून दगड सरकवला. सगळे आळीपाळीने पळीने दगडावर पाणी घालत होते. थोरल्याची पाळी आली तेव्हा त्याने पळी घेतली नाही. पट्ट्यातून कुंचला काढला, अक्षरं काढायचा, त्याच्या आईचा. तो पाण्यात बुडवला आणि दगडावरच्या तिच्या नावावरून अगदी हलकेच फिरवला. ओठांवरून फिरवतात तसा.

“आई,” हिरोजिरो म्हणाला, “पाणी घे.”